पुढचा पाय: कुठे पडतो आणि कधी टेकतो

आजचा विषय तसा छोटा आहे. अगदी एका पावलाएवढा. फलंदाज बॅट घुमवतो तेव्हा त्याचा पुढचा पाय काय करतो, एवढंच आपल्याला आज समजून घ्यायचं आहे. पण या एका पावलावर धावा अवलंबून असतात, निवड अवलंबून असते, आणि गोलंदाजाच्या बाबतीत तर पाठीचा कणासुद्धा अवलंबून असतो. म्हणून जरा सावकाश जाऊ.

हा विषय नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, मांडायला एक खास कारण आहे. या जिल्ह्यानं भारतीय कसोटी संघाला दोन मोठे खेळाडू दिले. झहीर खानचा जन्म १९७८ साली श्रीरामपूरला झाला. अजिंक्य रहाणेचा जन्म १९८८ साली संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला झाला. एक डावखुरा वेगवान गोलंदाज, दुसरा उजव्या हाताचा फलंदाज. एकाचं सगळं कसब समोरच्याचा पुढचा पाय चुकवण्यात, आणि दुसऱ्याचं तो पाय न चुकू देण्यात. म्हणजे आपला विषय या दोघांनी आपल्यासाठी जणू वाटूनच घेतला आहे.

पण सुरुवात आपण क्रिकेटपासून करणार नाही. बेसबॉलपासून करू. काही जण म्हणतील, बेसबॉल आपल्याकडे कुठे आलाय? आलाय. आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल हे दोन्ही खेळ आहेत. आणि पुढच्या पायाचं काम बेसबॉलमध्ये जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्रिकेटमध्ये दिसत नाही. कारण तिथे चेंडू टप्पा घेत नाही. एक गुंतागुंत कमी होते.

वेळ किती असतो?

आधी आकडे पाहू. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर, ज्या पट्टीवर पाय ठेवून उभा असतो तिथून फलंदाजासमोरच्या प्लेटपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. पिचर एक मोठी ढांग टाकून पुढे येऊन चेंडू सोडतो, त्यामुळे प्रत्यक्षात चेंडूला साधारण साडेसोळा-सतरा मीटरच जायचं असतं. ताशी १४५ किलोमीटरच्या वेगानं आलेला चेंडू हे अंतर सुमारे ०.४ सेकंदात कापतो.

क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. पण एका क्रीझपासून दुसऱ्या क्रीझपर्यंतचं अंतर १७.६८ मीटरच भरतं. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू टप्प्यावर थोडा वेग गमावतो हे धरलं, तरी फलंदाजाच्या हाती साधारण अर्धा सेकंद येतो.

आता या अर्ध्या सेकंदाची वाटणी करू. डोळ्यांनी काही नवं पाहिलं आणि शरीरानं त्याप्रमाणे हालचाल बदलली, यात जवळपास ०.२ सेकंद जातात. हे कितीही सराव केला तरी फारसं घटत नाही. बेसबॉलची बॅट घुमवायला आणखी सुमारे ०.१५ सेकंद लागतात. म्हणजे ०.४ सेकंदातून हे वजा केलं तर उरतं काय? जवळजवळ काहीच नाही.

यातून एक गोष्ट सरळ निघते. चेंडू पूर्ण पाहून, मग ठरवून, मग पाय उचलायचा असा क्रम बसतच नाही. पाय आधीच निघालेला असावा लागतो. आणि आधीच निघालेल्या पायाला नंतर जागा किंवा वेळ थोडीशी बदलता यावी लागते. पुढच्या पायाची सगळी कला या दोन वाक्यांत आहे.

बेसबॉलमधला पाय

बेसबॉलचा फलंदाज आडवा उभा असतो, खांदा पिचरकडे. पिचरचा हात मागे जातो तेव्हा हा आपलं वजन मागच्या पायावर घेतो आणि पुढचा पाय उचलतो. कोणी गुडघा छातीपर्यंत नेतो, कोणी नुसती टाच वर करतो. मग तो पाय पिचरच्या दिशेनं थोडा पुढे जातो आणि टेकतो. टेकताना आधी चवड्याची आतली बाजू टेकते, टाच नंतर. टाच खाली बसली की कंबर फिरायला लागते. कंबरेमागून छाती, मग खांदे, मग हात, आणि सगळ्यात शेवटी बॅट.

पोतराजाचा आसूड आठवा. मुठीकडची हालचाल संथ असते, पण ती पुढे पुढे सरकत जाते आणि टोकाला आवाज फुटतो. शरीराचंही तसंच आहे. जमिनीपासून निघालेला वेग एकेका सांध्यातून वर चढतो आणि बॅटच्या टोकाशी सगळ्यात जास्त होतो. मात्र त्यासाठी मुठीकडची बाजू योग्य क्षणी थांबावी लागते. ते थांबवण्याचं काम पुढचा पाय करतो.

अजून सोपं करू. सायकल वेगात असताना पुढचा ब्रेक कचकन दाबला तर काय होतं? चाक थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. बेसबॉलच्या फलंदाजाचा पुढचा पाय हा तो ब्रेक. टाच बसली की गुडघा हळूहळू सरळ होतो, पाय खांबासारखा घट्ट होतो, आणि पुढे सरकणारं शरीर त्या खांबाभोवती फिरतं. पुढे जाण्याचा वेग फिरण्याच्या वेगात बदलतो. हा पाय गुडघ्यात ढिला राहिला, तर शरीर नुसतं पुढे वाहत जातं आणि बॅटला ताकद मिळत नाही.

आता महत्त्वाचा भाग. चवडा टेकणं आणि टाच बसणं यांच्यामध्ये एक अगदी छोटी फट आहे. चांगला फलंदाज त्या फटीत वाट पाहतो. चेंडू वेगवान असेल तर टाच लगेच बसते. चेंडू हळू असेल तर चवड्यावरच क्षणभर तोल धरला जातो आणि हात मागे थांबतात. पाय पुढे, पण हात मागे. ज्याला ही फट राखता येत नाही तो हळू चेंडूवर हमखास फसतो, कारण त्याचं सगळं वजन आधीच पुढे जाऊन बसलेलं असतं.

जपानचा सादाहारू ओ हा या बाबतीतला अभ्यासण्यासारखा माणूस. त्यानं कारकिर्दीत ८६८ होम रन मारले. १९६२ पासून प्रशिक्षक हिरोशी आराकावा यांच्या मार्गदर्शनाखाली तो पुढचा पाय उंच उचलून, अक्षरशः बगळ्यासारखा एका पायावर उभा राहून, चेंडूची वाट पाहू लागला. पाहणाऱ्याला तो तोऱ्याचा प्रकार वाटे. पण एका पायावर उभं राहायचं तर आधी तोल पक्का लागतो, आणि तोल पक्का असला की पाय केव्हा टेकवायचा हे आपल्या हातात राहतं. त्याची शैली दिसायला वेगळी होती, पण प्रश्न तोच होता: पाय कधी टेकवायचा?

क्रिकेटमध्ये काय बदलतं?

क्रिकेटमध्ये चेंडू जमिनीवर आपटून येतो. आपटल्यावर तो आत येईल, बाहेर जाईल, उसळेल किंवा खाली राहील. म्हणून इथे पायाला दुसरं काम लागलं: टप्प्याजवळ जाणं. टप्प्याच्या जितकं जवळ जाऊन खेळाल तितकी चेंडूला वळायला जागा कमी. आपल्याकडे मैदानावर येता-जाता ऐकू येणारं ‘अरे, पाय काढ!’ हे याच कामाविषयी आहे.

म्हणजे फरक असा झाला. बेसबॉलमध्ये पाय जवळजवळ ठरलेल्या जागी पडतो, प्रश्न फक्त कधी टेकतो हा. क्रिकेटमध्ये कुठे पडतो आणि कधी टेकतो हे दोन्ही प्रश्न आहेत. आपल्याकडे शिकवताना पहिल्या प्रश्नावर भरपूर बोललं जातं आणि दुसऱ्यावर फारसं नाही. मुलगा ऐकतो, पाय लांब टाकतो, लवकर टाकतो, आणि तिथेच रुतून बसतो. मग चेंडू थोडा आत आला की पाय वाटेत, पायचीत. चेंडू थोडा हळू आला की बॅट आधी निघून गेलेली, झेल समोर.

लांब ढांगेचा आणखी एक तोटा आहे. ढांग जितकी लांब, तितकं डोकं खाली जातं आणि डोळे हलतात. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड या दोन संशोधकांनी २००० साली फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल मोजून दाखवली होती. फलंदाज चेंडूवर सतत नजर ठेवत नाही. तो चेंडू सुटताना पाहतो, मग नजर पुढे उडी मारून जिथे टप्पा पडेल तिथे जाऊन थांबते. म्हणजे ‘चेंडूवरची नजर काढू नको’ हा सल्ला शब्दशः कोणीच पाळत नाही. नजरेच्या या उडीला स्थिर डोकं लागतं, आणि डोकं स्थिर राहायला पाऊल बेताचं लागतं. पाय आणि डोळे हे असे जोडलेले आहेत.

रहाणेची एक खेळी या दृष्टीनं पाहण्यासारखी आहे. १७ जुलै २०१४, लॉर्ड्स. खेळपट्टी इतकी हिरवी की मैदान कुठे संपतं आणि खेळपट्टी कुठे सुरू होते हे दुरून कळू नये. भारताची अवस्था ७ बाद १४५. तिथून भुवनेश्वर कुमारला सोबत घेऊन रहाणेनं आठव्या गड्यासाठी ९० धावा जोडल्या आणि १०३ धावा केल्या. भारताचा डाव २९५ पर्यंत गेला आणि सामना भारतानं ९५ धावांनी जिंकला. १९८६ नंतरचा लॉर्ड्सवरचा हा पहिला विजय. ती चित्रफीत पाहाल तेव्हा चेंडूकडे पाहू नका, चौकार कुठे गेला तेही पाहू नका. फक्त त्याचा डावा पाय पाहा. प्रत्येक चेंडूला तो केवढा हलतो, केव्हा टेकतो, आणि टेकल्यावर डोकं कुठे असतं. एका तासात जे शिकाल ते चार पुस्तकांत मिळणार नाही.

झहीर आणि बेसबॉलचा चेंडू

आता दुसरी बाजू. गोलंदाजाला फलंदाजाचा पुढचा पाय चुकवायचा असतो. त्याला दोन वाटा: जागा चुकवणं किंवा वेळ चुकवणं. चेंडू आत-बाहेर नेला की जागा चुकते. वेग बदलला की वेळ चुकते.

२०११ च्या विश्वचषकात झहीर खाननं २१ बळी घेतले. पाकिस्तानच्या शाहिद आफ्रिदीसह ते त्या स्पर्धेतले सर्वाधिक. या स्पर्धेत त्यानं एक अस्त्र वापरलं, ते मूळचं बेसबॉलचं: नकल बॉल. दोन बोटं वाकवून, त्यांच्या टोकांनी किंवा पेरांनी चेंडू धरायचा. हात नेहमीच्याच वेगानं येतो, पण बोटांचा जोर चेंडूला मिळत नाही, म्हणून चेंडू हळू निघतो आणि फिरतही फारसा नाही.

२० मार्च २०११ ला चेन्नईत वेस्ट इंडिजचा डेव्हन स्मिथ ८१ धावांवर जमलेला होता. धावसंख्या २ बाद १५४, लक्ष्य २६९. झहीरनं त्याचा त्रिफळा उडवला, तो याच हळू चेंडूनं. पुढे वेस्ट इंडिजचा डाव १८८ धावांत आटोपला.

इथे नेमकं घडतं काय? फलंदाज चेंडूचा वेग अर्धाअधिक गोलंदाजाच्या हाताच्या वेगावरून ओळखतो. हात वेगवान दिसला, की डोक्यातलं घड्याळ वेगवान चेंडूला लावलं जातं. पाय त्या घड्याळाप्रमाणे टेकतो, वजन पुढे जातं, बॅट निघते. आणि चेंडू अजून यायचा असतो. पाय अगदी योग्य जागी असेल, तरी त्याची वेळ चुकलेली असते. श्रीरामपूरच्या मुलानं अमेरिकेतल्या खेळाचा चेंडू चेन्नईत टाकला आणि बेसबॉलमध्ये शंभर वर्षांहून जुना असलेला डाव क्रिकेटमध्ये लागू पडला. कारण माणसाचा पाय दोन्ही खेळांत तोच आहे.

गोलंदाजाचा पुढचा पाय

गोलंदाजालाही पुढचा पाय असतो, हे विसरून चालणार नाही. झहीर डावखुरा, म्हणून त्याचा पुढचा पाय उजवा. धावत येऊन, उडी घेऊन वेगवान गोलंदाज तो पाय आपटतो, तेव्हा त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. पुन्हा तोच ब्रेक: पाय थांबतो, वरचं शरीर पुढे फेकलं जातं, हाताला वेग मिळतो. जो गुडघा ताठ ठेवतो त्याला वेग जास्त मिळतो, पण धक्काही जास्त बसतो. तो धक्का घोटा, गुडघा, मांडी आणि कंबर यांतून वर जातो.

वाढत्या वयातल्या मुलांच्या कंबरेच्या मणक्यांना यामुळे बारीक तडा जाण्याचा धोका खरा आहे. सिमेंटच्या पट्टीवर, पातळ तळाच्या बुटांत, एका दिवसात तीन-तीन सामने खेळणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलानं ‘कंबर धरली’ असं सांगितलं, तर त्याला मलम लावून पुन्हा चेंडू हातात देऊ नका. मागे वाकल्यावर कंबरेच्या एका बाजूला दुखत असेल तर गोलंदाजी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. एक हंगाम गेला तरी चालेल, पाठ जायला नको.

टेनिस चेंडूचा प्रश्न

आता आपल्या गावांकडे येऊ. जिल्ह्यातल्या बहुतेक मुलांच्या हाती पहिल्यांदा येतो तो टेनिसचा चेंडू. तो हलका असतो, उसळतो जास्त, आणि हवेत लवकर वेग गमावतो. सामने कमी षटकांचे, सीमारेषा जवळ, बक्षीस षटकारांना. अशा वेळी मुलगा आपोआप काय करतो? पुढचा पाय लेगच्या बाजूला काढतो, हातांना जागा करतो आणि कंबर उघडून बॅट आडवी घुमवतो. कोणीही न शिकवता तो बेसबॉलच्या अगदी जवळ पोहोचलेला असतो!

यात वाईट काही नाही. वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये आज मोठे मोठे फलंदाज हेच करतात. अडचण पुढे येते. हाच मुलगा एक दिवस निवड चाचणीला जातो. तिथे लेदरचा चेंडू, गवताची खेळपट्टी, आणि खेळायला मिळणार मोजके चेंडू. पाय सवयीनं बाजूला जातो, चेंडू बाहेर निघतो, बॅट आणि चेंडू यांची भेटच होत नाही. पाच मिनिटांत तो बाहेर. घरी येऊन तो म्हणतो, ‘आपल्यात दमच नाही.’ खरं म्हणजे दम होता. एका पायाची एकच सवय होती, दुसरी नव्हती.

झहीरला पुढच्या शिक्षणासाठी श्रीरामपूर सोडून मुंबई, मग चेन्नईची एमआरएफ पेस फाउंडेशन, मग रणजीसाठी बडोदा असा प्रवास करावा लागला. रहाणे वाढला डोंबिवलीत. प्रत्येक घराला हे जमणार नाही. पण पायाला दोन सवयी लावणं गावातच जमू शकतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

सराव: दोन आवाज

पहिला सराव. जुन्या मोज्यात चेंडू घालून तो झाडाच्या फांदीला दोरीनं टांगा, गुडघ्याएवढ्या उंचीवर. पाऊल टाका, टेकवा, आणि मग बॅट आणा. कान देऊन ऐका. दोन आवाज यायला हवेत: आधी पायाचा ‘टप’, मग बॅटचा ‘टक’. दोन्ही एकदम आले तर पाय उशिरा पडतोय, फटक्याला पाया नाही. दोघांमध्ये मोठी पोकळी असेल तर पाय फार लवकर पडतोय, तुम्ही अडकून वाट पाहताय.

दुसरा सराव. खडूनं किंवा फक्कीनं जमिनीवर रेघ मारा. मित्र पाच-सहा पावलांवरून टेनिस चेंडू खालून हातानं टाकेल, पण एकदा जोरात, एकदा हळू, न सांगता. हळू चेंडूवर चवडा टेकून टाच उशिरा बसते का, हे तिसऱ्यानं पाहायचं. फटका कसा बसला यावर कोणी बोलायचं नाही. फक्त पायावर बोलायचं.

तिसरा सराव. पाय टेकवल्यावर मूर्तीसारखं थांबा. डोकं पुढच्या गुडघ्याच्या वर आहे का? गुडघा थोडा वाकलाय का? हलक्या हातानं कोणी खांद्याला ढकललं तर तोल जातो का? तोल जात असेल तर ढांग चार बोटं कमी करा.

आणि चौथा सराव मोठ्यांसाठी. मैदानाबाहेरून ‘पाय काढ’ ओरडण्याआधी एक क्षण थांबा आणि स्वतःला विचारा: याचा पाय चुकीच्या जागी पडला, की चुकीच्या वेळी? दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. जागा चुकली तर दिशा सांगा. वेळ चुकली तर पायाला काही सांगू नका. मुलाला गोलंदाजाचा हात अधिक नीट पाहायला सांगा, कारण घड्याळ तिथे लावलं जातं.

श्रोत्यांच्या प्रश्नांतून

एक प्रश्न असा आला की मुलींच्या सॉफ्टबॉल संघाला हे सगळं लागू होतं का? होतं. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून हातानं टाकतात, पण महिलांच्या खेळात अंतर फक्त ४३ फूट असतं. त्यामुळे वेळ बेसबॉलइतकाच कमी मिळतो. चवडा आधी, टाच नंतर, हात मागे, हे तिथेही जसंच्या तसं.

दुसरा प्रश्न, पाय मुळीच न हलवता खेळलं तर? खेळता येतं. काही फलंदाज पाय आधीच रुंद ठेवून उभे राहतात आणि फक्त टाच उचलून टेकवतात. पण तीही टेकवण्याची वेळ साधावीच लागते. पाऊल वगळता येईल, वेळ वगळता येणार नाही.

आज आपण एवढ्यावरच थांबू. उद्या सकाळी गावच्या मैदानावर कोणी खेळताना दिसलं, तर पाच मिनिटं चेंडूऐवजी पायाकडे पाहा. काय दिसलं ते पुढच्या व्याख्यानाला येताना लिहून आणा. सुरुवात आपण त्यापासूनच करू.